पागेतील फियाट

आमच्या जालन्याच्या मस्तगडातल्या घराला ढेळज आहे, ढेळजेच्या डाव्या अंगाला पागा आहे, आणि जिथे पणजोबांच्या काळी घोडी आणि आजोबांच्या काळी टांगा उभा असे, त्या पागेत १९७६ साली आमच्या वडिलांनी आपली प्रीमियर पद्मिनी आणून उभी केली. पण जिच्या भिंतीतली दावणीची कडी अजून शाबूत आहे, जिच्या फरशीवर नालांचे घाव आहेत आणि जिला घरातली लहानथोर माणसे आजही पागाच म्हणतात, त्या जागेत राहणाऱ्या वाहनाने पुढेमागे जनावराचा स्वभाव घ्यावा, यात नवल करण्यासारखे काही नव्हते, हे कळायला मला चव्वेचाळीस वर्षे लागली.

प्रीमियर पद्मिनी हे तिचे कागदोपत्री नाव. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्याबरहुकूम ती बने. पुढे तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले, परंतु राज्यकर्ते बदलले म्हणून लोकांच्या तोंडची गल्लीबोळांची नावे बदलत नाहीत त्याच न्यायाने, जालन्यात तिला फियाटखेरीज दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर व्यास, ७५ मिलिमीटर धाव, एकूण १०८९ घनसेंटिमीटर, हे आकडे नाना एखाद्या कायद्याच्या कलमासारखे म्हणून दाखवीत, आणि ऐकणाराला त्यातले काही उमगले नाही तरी त्याचा विशेष खेद करीत नसत.

नाना म्हणजे आमचे वडील. १९१८ साली स्थापन झालेल्या, उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणाऱ्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात ते कायदा शिकले, आणि १९४७ साली त्यांनी जालन्यात वकिली सुरू केली ती निजामाच्या अंमलात, उर्दू कामकाज चालणाऱ्या कचेरीत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि अशा रीतीने मस्तगडचा उंबरा न सोडता त्यांनी तीन राज्यांत वकिली केली. जुनी खरेदीखते, मुंतखब, इनामाच्या सनदा घेऊन खेड्यापाड्यांतले पक्षकार त्यांच्याकडे येत. कारण जमीन मराठी मुलखातली असली तरी तिचा जन्म-दाखला उर्दूत असे, आणि तो वाचणारी माणसे वर्षागणिक कमी होत होती. हे कागदांचे बस्ते फियाटच्या मागल्या बैठकीवर प्रवास करीत. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता, जिल्हा न्यायालय साठ किलोमीटरवर होते, आणि बदनापूरवरून जाणाऱ्या त्या रस्त्यावर फियाटने जी काही चाकरी केली ती १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाल्यावर निम्म्याने घटली. पुढे तिच्या वाट्याला अंबड, परतूर, भोकरदन एवढेच राहिले. जिल्हा झाल्याचा आनंद गावभर साजरा झाला. नानांनी पेढे वाटले आणि संध्याकाळी पागेत जाऊन, कारण नसताना, गाडी पुसली.

गाडी सुरू करण्याचा त्यांचा एक संस्कारच होता. आधी बॉनेट उघडायचे, ऑइलचा गज काढून जुन्या धोतराच्या तुकड्याला पुसायचा, पुन्हा बुडवून पातळी पाहायची. मग चोक ओढायचा, किल्ली फिरवायची, आणि इंजिन धरले की लगेच निघायचे नाही, मान कलती करून मिनिटभर ऐकायचे. तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट अगदी प्रथमपासून वाजे. शिवणयंत्राची सुई कडक कापडावर अडखळावी तसा तो आवाज होता, आणि तो कोणत्याही मिस्तरीला कायमचा घालवता आला नाही. नाना म्हणत, ही तिसऱ्याची कुरकुर पक्षकारासारखी आहे. ऐकून घ्यायची, पण मनावर घ्यायची नाही.

२००५ च्या पावसाळ्यात नाना गेले. तेराव्याच्या दिवशी, पाहुण्यांची पंगत उठल्यावर, माझा वडील भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो आणि जो पुण्यात यंत्रांच्याच व्यवहारात आयुष्य काढून निवृत्त होण्याच्या बेतात होता, ढेळजेत उभा राहून म्हणाला, “गाडी काढून टाक. उभी राहिली की तिचं लोखंड होईल.” वाक्य साधे होते, तांत्रिक होते आणि, आता कबूल करायला हरकत नाही, बरोबर होते, पण ते ज्या दिवशी उच्चारले गेले तो दिवस चुकीचा होता. मी म्हणालो, नानांची गाडी भंगारात घालणारा तू कोण. तो गप्प झाला. मी पागेला कुलूप लावले आणि गाडीची किल्ली कमरेच्या करगोट्याला नसली तरी तितक्याच जवळ, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. आम्ही वकिलाचे मुलगे. पण आमच्या तंट्याला ना दरखास्त होती, ना तारीख, ना निकाल. लग्नकार्यात आम्ही शेजारी बसत असू, दुःखाच्या प्रसंगी एकमेकांना फोन करीत असू, आणि यापलीकडे पंधरा वर्षांत आमच्यात जे बोलणे झाले ते एखाद्या पोस्टकार्डावर मावले असते.

भंगार हा शब्द जालन्यात हवेतला नाही, हे परगावच्या वाचकाला सांगितले पाहिजे. जालना बियाण्यांचे गाव म्हणून जितके ओळखले जाते तितकेच लोखंडाचे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत देशोदेशीचे मोडके लोखंड वितळते आणि रोलिंग मिलमधून घरबांधणीच्या सळया होऊन बाहेर पडते. इतर गावी जुनी गाडी एखाद्या झाडाखाली वर्षानुवर्षे कुजत पडते. आमच्याकडे तिला मरणोत्तर गतीची वाट फार जवळची. हातगाडीवाले दर दोन-चार महिन्यांनी ढेळजेत डोकावत, पागेच्या फटीतून आत पाहत आणि वजनाचा अंदाज करून भाव सांगत. मी त्यांना अशा आवेशाने हाकलून देई की, जणू मी त्या गाडीची अहोरात्र सेवाच करीत होतो. वस्तुतः मी पंधरा वर्षांत एकदाही तिचे बॉनेट उघडले नव्हते. भूमी अभिलेखाच्या दफ्तरात चौतीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला कुलपाविषयी एक भाबडा विश्वास असतो: कागद कपाटात घालून कुलूप लावले की तो सुरक्षित झाला, असे त्याला मनापासून वाटते, कपाटाच्या आत वाळवी आहे की नाही हा प्रश्न त्याच्या कक्षेतला नसतो.

आणि हे सारे घडत होते ते मस्तगडात, जिथे याच्या उलट दाखला डोळ्यांसमोर होता. आसफजाहाच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ साली बांधलेली ती गढी, तिची चौकोनी आखणी, कोपऱ्यांचे अर्धवर्तुळाकार बुरूज, उभारणीचे साल सांगणारा फारसी शिलालेख आणि पोटातली सज्जे व दालने असलेली भलीमोठी विहीर, हे सर्व आम्हांला नानांनी लहानपणी हात धरून दाखवले होते. पुढे त्या गढीत नगरपालिकेचे दफ्तर आले. ज्या भिंतींनी तोफांचे गोळे झेलायचे त्यांच्या आश्रयाला घरपट्टी भरणारांची आणि जन्ममृत्यूचे दाखले मागणारांची वर्दळ सुरू झाली, आणि इतिहासप्रेमी मंडळींना ही गोष्ट कितीही बोचली तरी माझे मत असे की, रोज सकाळी कोणीतरी येऊन झाडून काढते, एखादा फुटका कौल-पत्रा बदलते, गळती लागली तर शिव्या देत का होईना तक्रार करते, म्हणूनच वास्तू उभ्या राहतात. हे मत मी अनेकांना ऐकवले आहे. पागेला ते लागू करण्याचे मात्र मला सुचले नाही.

सुचले ते २०२० साली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, रस्त्यावरची आमची नवी गाडी दोन महिने जागची हलली नाही, आणि जून महिन्यात मी तिची किल्ली फिरवली तेव्हा तिने घसा खाकरल्यासारखा एक आवाज करून मौन धारण केले. बॅटरी उतरली होती. ती पाहायला गल्लीतले उस्ताद आले. हे उस्ताद म्हणजे नानांच्या मिस्तरीचे चिरंजीव. तरुणपणी आपल्या वडिलांच्या हाताशी कंदील धरून ते आमच्या पागेत उभे राहत, आणि आता स्वतः साठीच्या पुढे गेले होते. नव्या गाडीचे काम दहा मिनिटांत आटोपून त्यांनी पागेच्या कुलपाकडे पाहिले आणि विचारले, “वकीलसाबकी फियाट है ना अंदर?”

कुलूप उघडले. धुळीचा, उंदरांच्या लेंड्यांचा आणि शिळ्या पेट्रोलचा मिळून एक आंबूस वास आला. मी आतल्या खिशातली किल्ली काढून, दागिना द्यावा तशी, पुढे केली. उस्तादांनी ती घेतली नाही. म्हणाले, “साब, चाबी पैले जेब में रखो.” किल्ल्यातली वस्ती आमची, किल्ली हे सर्व दारांचे उत्तर, अशी आमची पिढीजात समजूत, तिला हा पहिला धक्का होता. पंधरा वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला नवी बॅटरी जोडून सेल मारणे हा सर्वांत मोठा मोह आणि सर्वांत मोठा गुन्हा, असे त्यांचे म्हणणे. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला धरलेल्या असतात. सेल्फच्या जोराने त्या सुटत नाहीत, तुटतात, आणि तुटता तुटता भिंत खरवडून जातात.

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते मला इतके विलक्षण वाटले की, ते येथे सविस्तर नोंदवल्यावाचून राहवत नाही. चार धावांचे हे इंजिन, जे निकोलाउस ऑटो याने जर्मनीत १८७६ साली सिद्ध केले, त्यात प्रत्येक सिलिंडर पाळीपाळीने श्वास घेतो, तो दाबतो, पेटवतो आणि सोडून देतो. आणि चौघांच्या पाळ्या एकमेकांपासून अशा वेगळ्या असतात की, एक, तीन, चार, दोन या क्रमाने स्फोट होत जातात. आता ज्या क्षणी इंजिन बंद होते त्या क्षणी जो जिथे असेल तो तिथे थांबतो. ज्यांची पाळी दाबण्याची किंवा पेटण्याची, त्यांच्या दोन्ही झडपा मिटलेल्या. पण ज्याची पाळी श्वास घेण्याची आणि ज्याची सोडण्याची, त्या दोघांची एकेक झडप उघडीच राहते. पंधरा पावसाळे त्या उघड्या दारातून ओल आत जाते. म्हणजे चार भावंडांपैकी कोण गंजणार आणि कोण वाचणार, हे त्यांच्या गुणदोषांवर ठरत नाही. शेवटच्या दिवशी कोणी किल्ली कोणत्या पळी फिरवली, यावर ठरते. शेवटच्या दिवशी ती नानांनीच फिरवली होती, दवाखान्यातून परत आल्यावर.

उस्तादांनी गोटीपान्याने एकेक प्लग काढला. पहिल्याचा आणि दुसऱ्याचा काळसर पण कोरडा निघाला. तिसऱ्याचा आणि चौथ्याचा निघताना करकरला आणि आट्यांवर विटकरीच्या भुकटीसारखा तांबडा थर घेऊन आला. गंज. हा शब्द आमच्या भागात मोठा मायावी आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या भात शिजवायच्या पातेल्याला गंज म्हणतात. फारशीत तोच शब्द खजिन्याचा, आणि म्हणून मोगलाईतल्या बाजारपेठांची नावे गंजान्त, जसे औरंगाबादचे शहागंज. आणि लोखंडाला खाणारा तोही गंजच. दौलत, भांडे आणि क्षय या तिघांना एकच नाव देणाऱ्या भाषेला काहीतरी ठाऊक असले पाहिजे, असे म्हणून मी तेथे एक लहानसे व्याख्यान सुरू केले. उस्तादांनी ते प्लग चाळणीत ठेवीपर्यंत ऐकले आणि मग बॅटरीचा झोत सिलिंडरच्या भोकात धरून म्हणाले, आधी बघा.

हवेच्या गाळणीचे डबे उघडले तेव्हा आत उंदराचे घरटे निघाले. कापूस, सुतळी, सीटच्या काथ्याचे केस, आणि बारीक कुरतडलेला कागद. मागल्या बैठकीवर एक बस्ता राहून गेला होता, त्यातला तो कागद. पिवळसर, खादीसारखा जाड, वर उर्दू अक्षरे. नानांनी मला उर्दू अक्षरओळख करून दिली होती, ती पुरी विसरलो नव्हतो. नखाएवढा एक तुकडा मी उचलून उजेडात धरला. त्यावर शब्दाचा आदि-अंत कुरतडून गेलेला नव्हता, पुरा शब्द होता: ‘बनाम’. फिर्यादीच्या नावापुढे आणि प्रतिवादीच्या नावामागे येणारा शब्द. अलीकडचे नाव उंदराने खाल्ले होते आणि पलीकडचेही. मी तो तुकडा खिशात, किल्लीच्या शेजारी ठेवला.

त्यानंतरचे दिवस अतिशय संथ गेले, आणि खरे सांगायचे तर टाळेबंदीतले तेवढेच दिवस मला सुखाचे आठवतात. अर्धे डिझेल, अर्धे इंजिन ऑइल असे मिश्रण करून, चारही भोकांतून मोठ्या पिचकारीने थोडे थोडे आत सोडायचे, भोकांवर चिंध्यांचे बोळे बसवायचे, आणि ते रात्रभर झिरपू द्यायचे. ही संध्याकाळची पाळी उस्तादांनी माझ्याकडे दिली. सकाळी ते येत, पुढल्या पुलीच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावत, आणि एका हाताने, अगदी हलक्या हाताने, आधी उजवीकडे आणि मग डावीकडे दाब देत. मी एकदा दोन्ही हातांनी लटकायला गेलो तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. जोराने सुटलेले इंजिन सुटत नाही, ते फक्त हरते, अशा अर्थाचे काहीतरी त्यांनी आपल्या दखनीत सांगितले. पुलीवर आणि तिच्या समोरच्या लोखंडावर मिळून त्यांनी खडूची एक आडवी रेघ ओढून ठेवली होती. पहिले सहा दिवस ती रेघ अखंड होती. सातव्या दिवशी, डावीकडचा दाब सोडल्यावर, मला ती तुटलेली दिसली. पुलीवरचा अर्धा भाग ज्वारीच्या दाण्याएवढा खाली सरकला होता. आवाज काही झाला नाही. उस्तादांनी पाना काढून ठेवला आणि आजचे काम झाले म्हणून घरी गेले, हा त्यांचा विशेष; दुसरा कोणी असता तर त्या दाण्याची भाकरी करायला बसला असता.

यंत्रे अशी उठू शकतात याचे दाखले जगात पुष्कळ आहेत, आणि त्या दिवसांत माझ्या मनाला धीर देण्यासाठी मी ते आठवीत असे. १८५५ साली लीड्सला बांधलेले फेअरी क्वीन हे वाफेचे इंजिन १९०९ साली सेवेतून निवृत्त झाले, पुष्कळ वर्षे नुसते पाहण्याची वस्तू म्हणून उभे राहिले, आणि पेरांबूरच्या कारखान्यात दुरुस्त होऊन १९९७ साली, अठ्ठ्याऐंशी वर्षांनंतर, स्वतःच्या वाफेवर धावले. अर्थात त्यामागे रेल्वे खात्याचा खजिना होता आणि माझ्यामागे निवृत्तिवेतन. पण तत्त्व तेच.

दहाव्या दिवशी पुली पूर्ण फेरा फिरली. मग उस्तादांनी वरचे झाकण काढून झडपा एकेक करून लाकडी मुठीने ठोकून पाहिल्या, तिसऱ्याची एक चिकटली होती ती डिझेलने मोकळी केली. टाकीतले पेट्रोल बाटलीत काढले तर ते काकवीच्या रंगाचे निघाले. पेट्रोलमधला उडून जाणारा हलका अंश कधीच उडून गेला होता, आणि मागे राहिला होता तो एक राळेसारखा चिकट गाळ. तोच गाळ कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत आणि जेटच्या केसाएवढ्या छिद्रांत बसला होता. छिद्रे साफ करायला त्यांनी विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार काढली. सुई किंवा पोलादी तार का नाही, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, पोलाद भोक मोठे करते, मग गाडी आयुष्यभर जास्त पिते. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट पांढुरके झाले होते, ते पॉलिश पेपरने घासले. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. एक तर त्या चिरल्या होत्या, आणि दुसरे असे की, हल्लीच्या पेट्रोलात जे इथेनॉल, म्हणजे काही अंशी आमच्या उसाचेच मद्य, मिसळलेले असते, ते जुन्या रबराला सोसत नाही. आमच्या गाडीने उभ्या आयुष्यात या मद्याला तोंड लावलेले नव्हते. क्लच प्लेट चिकटली होती, ब्रेक धरले होते, रेडिएटरमधून तांबड्या गढुळाचे दोन डबे निघाले. त्या सगळ्याचा तपशील देत नाही, कारण तो प्रत्येक उभ्या गाडीचा सारखाच असतो.

कागद मात्र सारखे नव्हते. गाडी नानांच्या नावावर होती; मालक मयत झाल्यास वारसाच्या नावे वर्ग करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो, आणि तो वेळेत न भरता मी पंधरा वर्षे काय करीत होतो याची कैफियत एका खिडकीवर द्यावी लागली. मी दुसऱ्यांच्या वारसनोंदी करण्यात उमर घालवलेली; त्या खिडकीच्या पलीकडून हेच प्रश्न मी हजारो लोकांना विचारले होते, तेव्हा राग धरण्याचा अधिकार मला नव्हता. शेवटी खिडकीतल्या माणसाने सांगितले की, मयताला दुसरा मुलगा असेल तर त्याचे संमतिपत्र लागेल.

मी घरी आलो. दोन दिवस फोन उचलून ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी बॉनेटच्या कडेला सुतळीने एक बाटली बांधली, तीत लिटरभर ताजे पेट्रोल भरले आणि टाकीला वगळून तिची नळी पंपाला जोडली. कारण टाकी अजून धुवायची होती आणि घाणेरड्या टाकीचे पेट्रोल धुतलेल्या कार्बोरेटरला पाजणे म्हणजे सारे मुसळ केरात. नवे ऑइल भरले होते, नवी बॅटरी बसली होती. आधी कॉइलची मधली वायर काढून ठेवली आणि म्हणाले, आता फिरवा. मी किल्ली फिरवली. ठिणगीविना इंजिन नुसते फिरले, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तिसऱ्या वेळी ऑइलचा तांबडा दिवा विझला. म्हणजे तेल वरपर्यंत पोचले होते. उस्तादांनी वायर परत जोडली, चोक ओढला आणि बाजूला झाले.

पहिल्या दोन वेळा काही झाले नाही. तिसऱ्या वेळी कार्बोरेटर शिंकला. चौथ्या वेळी इंजिनाने एका सिलिंडरवर धरले, मग दोहोंवर, गाडी म्हातारा कूस बदलतो तशी डावीकडून उजवीकडे हलली, सायलेन्सरमधून निळा धूर, पांढरी वाफ, सुतळीचे तुकडे आणि कोण जाणे कितव्या पिढीतल्या उंदराचे बिऱ्हाड बाहेर पडले, पागेच्या आढ्यावरची पारवी पत्र्याखालून भर्रकन उडाली, आणि गल्लीतली चार-सहा मुले तोंडावर फडकी बांधून ढेळजेत जमली. उस्तादांनी चोक अर्धा आत ढकलला, मान कलती केली आणि ऐकत राहिले. चौथा सिलिंडर मधूनमधून चुकत होता. मिनिटाभराने तोही ओळीत आला. आणि मग त्या सगळ्या गडगडाटाच्या तळाशी, कडक कापडावर अडखळणाऱ्या सुईसारखी, ती जुनी टकटक मला ऐकू आली.

मी दादाला फोन लावला. तो, दुपारी अवेळी माझा फोन म्हटल्यावर, घाबरलेल्या स्वरात म्हणाला, “काय झालं? सगळे बरे आहेत ना?” मी काही बोललो नाही, फोन बॉनेटखाली धरला. धूर डोळ्यांत जात होता. किती वेळ धरला ते सांगता येत नाही. परत कानाला लावला तेव्हा पलीकडे तोही गप्प होता, मग म्हणाला, “तिसऱ्याचा अजून वाजतोच आहे रे.”

मी म्हणालो, “वाजतोय.”

“फटीत पत्ती घालून पाहिलीस का? नाना बारीक करायचे, तेवढी करू नका. गरम झाल्यावर झडप जळेल.” आणि मग, पंधरा वर्षांत तो माझ्याशी बोलला नसेल इतके, तो त्या एका टॅपेटविषयी बोलू लागला, फट गरम इंजिनावर मोजायची की थंड, कोणत्या मिस्तरीने कोणत्या साली काय बिघडवले, बदनापूरच्या अलीकडे एका रात्री फॅनचा पट्टा तुटला तेव्हा नानांनी काय केले. संमतिपत्राची गोष्ट मला काढायची होती. ती काढण्यासाठी मी योग्य शब्द जुळवीत होतो, तेवढ्यात इंजिनाने दोन आचके दिले, एक दीर्घ उसासा टाकला आणि ते थांबले. पागेत एकदम इतके शांत झाले की, रेडिएटरमध्ये पाणी उकळल्याची बुडबुड ऐकू येऊ लागली. मुले पुढे सरकली. उस्ताद सुतळीला बांधलेली रिकामी बाटली सोडवीत होते.

“काय रे, बंद पडली?” दादाने विचारले.

“नाही,” मी म्हणालो. “बाटली संपली.”

“मग भर की दुसरी.”